कवळीची परीक्षा

३ मार्च

मिळाली! एकदाची केस मिळाली — तोंडात एकही दात नसलेला माणूस!

हे वाक्य घरी कुणी वाचलं तर मला वेड्यात काढतील. पण दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला अख्खी कवळी करून दिल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि सगळे दात गेलेली माणसं काय वाटेवर पडलीयत? महिनाभर उपवर मुलीच्या बापासारखी हिंडत होते. बसमध्ये कुणी म्हातारं माणूस जांभई देताना दिसलं की माझी मान आपोआप वळायची. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तर शेवटी स्वतःच्या आजोबांनाच खुर्चीत बसवलं.

माझी केस म्हणजे एक काका, निवृत्त बसड्रायव्हर. हिरड्यांच्या दुखण्याने गेल्या वर्षी आमच्याकडेच सगळे दात काढले. आता हिरड्या अशा भरीव, गुळगुळीत झाल्यात की आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, नशीबवान आहेस. काका बोलतात कमी, आणि बोलतात त्यातलं निम्मं वाऱ्यावर जातं. मला 'डॉक्टर' म्हणतात. मजा वाटते.

कवळी कशासाठी हवी, हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं. खाणं, बोलणं की दिसणं. काका जरा घुटमळले. म्हणाले, "घरी ओळखीचं दिसायला." मी 'दिसणं'वर खूण केली आणि मापाच्या तयारीला लागले.

७ मार्च

विद्यापीठाच्या फाटकावर नवा फलक लागलाय — 'समाजासाठी विद्यापीठ'. अक्षरं एवढी मोठी की त्याच्याखालून जाताना मान आखडते. मॅडमनी बोलावून सांगितलं, पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांतर्फे भाषण तू करायचं, पहिली येणार तर तूच. विषय: पदवीधर आणि समाज.

रात्री लिहायला बसले. 'समाजाचं ऋण', 'ज्ञानाचा दिवा', 'तळागाळातला माणूस'. वाचून माझं मलाच हसू आलं. तळागाळातला माणूस म्हणजे आमच्या ओपीडीच्या बाकावर नंबर येईपर्यंत डुलक्या घेणारा तो. त्याला आम्ही 'केस' म्हणतो.

१५ मार्च

माप उत्तम आलं. जबड्याची ठेवणही पकडली. काका खुर्चीत असे सरळ बसतात, जणू समोर रस्ता आहे.

२२ मार्च

आज मेणात दात मांडून तोंडात बसवून बघितले. काय दिसत होते! सरळ रांग, मधली रेषा नाकाच्या बरोबर खाली, कुठे फट नाही की कुठे चढाव नाही. मॅडम तीन वेळा वाकून बघून गेल्या. खालच्या वर्गातल्या मुलांना बोलावून दाखवलं!

काका आरशात बराच वेळ बघत होते. म्हणाले, छान आहेत, पण दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. मी म्हटलं, सवय होईल. आम्हाला हे शिकवलंयच — सुरुवातीला सगळे कुरकुरतात, सवय होईल म्हणायचं.

३० मार्च

कवळी दिली. फोटो काढले. काका दहा वर्षांनी तरुण दिसतायत. मी तर हवेत!

९ एप्रिल

आठ दिवसांनी तपासायला बोलावलं होतं. आले नाहीत. परत तारीख दिली, परत नाहीत. फोन केला तर म्हणतात, चावतंय छान, बोलता येतंय छान, तुमचे उपकार आहेत — पण येणार कधी ते सांगत नाहीत. ही शेवटची तपासणी झाल्याशिवाय केस पूर्ण धरत नाहीत! इतकं सुरेख काम करून दिलं आणि यांना दोन बस बदलून यायचा कंटाळा. कौतुकाने दिलेलं गोड लागत नाही माणसांना. उद्या मीच जाते घरी.

१० एप्रिल

गेले होते. आता लिहायला बसलेय.

जुनी तीन मजली इमारत, जिन्याच्या भिंतीला निळा ऑइलपेंट. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर काका बसलेले. दात तोंडात नाहीत. शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेले. मला बघून चोरी पकडल्यासारखे उठले. मी सुनावायच्या तयारीनेच गेले होते — वाक्यं पाठ होती! — पण त्यांचं स्वतःचं दार बंद होतं आणि ते बाहेर होते, तेव्हा आधी विचारलं, किल्ली हरवली का?

नाही म्हणाले. मग सांगितलं. थांबत, भिंतीकडे बघत.

काकूंना तीन वर्षांपासून विसरायचा आजार आहे. वार, तारीख, गॅसचं बटण, सगळं गेलं. पण नवऱ्याला ओळखायच्या. गेल्या वर्षी सगळे दात काढून ते घरी आले, गाल आत गेलेले, बोलणं बोबडं — आणि काकूंनी दार उघडून विचारलं, कोण हवंय आपल्याला? तेव्हापासून घरात हा परका माणूस आहे. कधी नीट बोलतात, कधी घाबरून ओरडतात. ओरडल्या की काका बाहेर जिन्यात येऊन बसतात. थोड्या वेळाने त्या ते विसरतात. मग काका बेल वाजवतात आणि सांगतात, नळ बघायला आलोय. किंवा मीटर बघायला आलोय. तेव्हा आत घेतात. स्वतःच्या घरातला चांगला नळ या माणसाने किती वेळा उघडून परत बसवला असेल!

आणि माझी कवळी लावून गेले त्या दिवशी? काकूंनी शेजारणीला हाक मारली. म्हणाल्या, आता दुसराच आलाय.

मला ओशाळल्यासारखं झालं. राग आला, तोही नक्की कुणाचा ते कळेना. काकांनी बेल वाजवली. "नळवाला," म्हणाले. माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "ही माझ्या हाताखाली शिकतेय." शिकतेय, हे तरी खरं.

काकू नीटनेटक्या, गोड. मला पाणी दिलं, बसवलं. काका स्वयंपाकघरात खरोखरच पान्हा घेऊन नळाशी उभे. काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "हे गृहस्थ रोज येतात. वाईट नाहीत हो. पण आमचे हे ड्यूटीवरून आले की काय म्हणतील?" आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "ते बघ, आमचे हे."

बसच्या बॉनेटला टेकून उभे असलेले काका. विना-अपघात गाडी चालवल्याचं बक्षीस मिळालं त्या दिवशीचा फोटो. तोंड भरून हसतायत. आणि वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दात उजव्यावर चक्क चढलेला! त्याने वरचा ओठही एका बाजूला किंचित उचललेला. ते हसू त्या दातामुळेच तसं होतं.

महिनाभर मी या माणसाच्या तोंडात डोकं घालून बसले होते. तुम्ही आधी कसे दिसत होता, हे एकदाही विचारलं नाही. घरी ओळखीचं दिसायला, म्हणाले होते ते. घरी! मी पुस्तकातले दात काढून त्यांच्या तोंडात बसवले आणि वर फोटो काढले.

निघताना काका जिन्यापर्यंत सोडायला आले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी येणार आहे, काकूंना तिच्या गावी घेऊन जायला. मुलीचंही बरोबर आहे. म्हणते, बाबा, ती तुम्हाला घाबरते, असं किती दिवस ठेवायचं?

११ एप्रिल

मॅडमना सगळं सांगितलं. कालची भेटच त्यांनी शेवटची तपासणी म्हणून धरली. आधी त्या म्हणाल्या ते खरंच आहे: "अगं, आजार आहे तो, वाढतच जातो. दातांमुळेच ओळखत नाही कशावरून?" मी म्हटलं, नसेलही. पण मी लावलेल्या दातांमुळे आणखी बिघडलं, एवढं तर नक्की.

मग त्या उठल्या. खिडकीपाशी गेल्या. त्यांच्या खोलीतून ते फाटक दिसतं, मागच्या बाजूने, फलकाची कोरी पाठ. म्हणाल्या, "वर्षाला इथून किती कवळ्या बाहेर पडतात. त्यातल्या किती घरी डब्यात पडून आहेत, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही."

नवी कवळी करायची, दात चढवून. पण आता परीक्षेमुळे ओपीडीचं रोजचं काम महिनाभर बंद. साहित्य आणि लॅब मिळणार फक्त परीक्षेत जी कवळी करून दाखवायची असते त्या केसला. म्हणजे मुलगी यायच्या आत करायची तर एकच मार्ग — काकांनाच परीक्षेची केस म्हणून घ्यायचं. आणि परीक्षेत गुण असतात पुस्तकातल्या मांडणीला. सरळ रांगेला!

मॅडम म्हणाल्या, "मी तुला अडवणार नाही. पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर, एक्स्टर्नलसमोर, वाचवणारही नाही. ते तसे कडकच आहेत."

१२ एप्रिल

आईचा फोन. सांगायला नको होतं, सांगून बसले. नापास झालीस तर सहा महिने जातील, पहिला नंबर तर गेलाच, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. आईचं चुकत नाहीये, हीच पंचाईत आहे. मैत्रीण म्हणते, माझे आजोबा घे परीक्षेला, ते दोनदा बसतील, त्यांना आवडतं.

१८ एप्रिल

काका तो फोटो काचेसकट घेऊन आले. दोन बस बदलून, छातीशी धरून! घरी भिंतीवर मोकळा खिळा दिसला तर काकू विचारतील म्हणून घाईत होते. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला आणि फ्रेम लगेच परत दिली.

नवं माप घेतलं. या वेळी काम करता करता बोलत होतो. तो दात तसाच उगवलेला, लहानपणी पोरं चिडवायची. बसमध्ये मात्र लहान मुलं त्यांचं हसू बघून पुढच्या सीटवर यायची. एक आजीबाई तर दुसऱ्या कुणाच्या गाडीत चढायच्याच नाहीत. ड्रायव्हर हसरा असला की ब्रेक कमी लागतात, असा त्यांचा शोध! मला एवढं हसू आलं की माप परत घ्यावं लागलं.

२५ एप्रिल

दात चढवणं हे सरळ बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड. थोडा जास्त चढला तर सोंग दिसतं. थोडा कमी चढला तर नुसती चूक दिसते. मेण तापव, दात फिरव, फोटो बघ, परत तापव. आज बोटं भाजली. पानाला मेणाचा वास येतोय.

२७ एप्रिल

उद्या परीक्षा. लॅबमध्ये शेवटचा हात फिरवत होते. संध्याकाळी दात सरळ केला. मग परत चढवला. मग परत सरळ.

घाबरलेय मी. साफ घाबरलेय! पहिली येणं मला हवंय, खूप हवंय, इथे कशाला खोटं लिहू. चार वर्षं त्याच्यासाठी काढलीत. काका तर काही बोलणारही नाहीत, सरळ दात दिले तरी 'छान आहेत' म्हणतील आणि रुमालात गुंडाळून नेतील.

हेच डोक्यातून जाईना. शेवटी चढवून ठेवला, दिवा घालवला आणि परत हात लावायचा मोह नको म्हणून किल्ली मैत्रिणीकडे दिली.

२८ एप्रिल

झाली परीक्षा!

एक्स्टर्नल उंच, सुकलेले, कुणाकडे बघून हसत नाहीत. त्यांनी काकांचा ओठ वर केला. थांबले. चष्मा सारखा केला.

"हा दात चढलाय."

"हो सर. मुद्दाम चढवलाय."

"पुस्तकात हे कुठे लिहिलंय?"

आणि माझी जीभ! पायाखाली जमीन नाही आणि वर जीभ पट्ट्यासारखी चाललेली. म्हटलं, "सर, पुस्तकातल्या पेशंटला बायको नाहीये."

शेजारच्या खुर्चीतून मैत्रिणीचे आजोबा वाकून बघायला लागले. मॅडम पंख्याकडे बघत होत्या. मग मी सगळं सांगितलं — काकू, जिना, नळ, फोटो. क्रम चुकवून, अडखळत, उत्तराला द्यायचे मुद्दे तर सगळे विसरले. त्यांनी मोबाईलवरचा फोटो मागितला. फोटो बघितला, काकांकडे बघितलं, परत फोटो बघितला. मग आरसा काकांच्या हातात दिला.

काका आरशात बघत राहिले. ओठ जरा उचलला गेला होता, एका बाजूने.

"हा मी," म्हणाले.

दोन्ही शब्द स्पष्ट आले. एक्स्टर्नलनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेले. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही. बाहेर येऊन मी बेसिनपाशी रडले, आणि मग भूक लागली.

४ मे

पक्की कवळी झाली. आज दिली. मी म्हटलं, घरी तुमच्याबरोबर येऊ का? काकांनी हातातला आरसा परत दिला. मग म्हणाले, "नको डॉक्टर. नाही ओळखलं, तर तुम्हाला वाईट वाटेल."

स्वतःचं नाही म्हणाले. माझं म्हणाले!

दात लावूनच निघाले. फाटकापर्यंत बघत राहिले मी.

६ मे

फोन नाही.

८ मे

आज मुलगी येणार होती. मी फोन केला. उचलला नाही.

९ मे

उचलत नाहीत.

११ मे

प्रॅक्टिकलचे गुण लागले. पास! पण कवळीच्या मांडणीत जेमतेम काठावर. पहिली नाही, तिसरीही नाही. भाषण आता मैत्रीण करणार. रात्रभर 'समाजाचं ऋण' पाठ करतेय. बिचारी! वाईट वाटलं मला, का नाही वाटणार. आईने मात्र चकित केलं. म्हणाली, "पास झालीस ना? मग त्या बाईंनी ओळखलं का, ते सांग."

मॅडमनी बोलावलं होतं. पुढच्या सत्रापासून कवळीच्या प्रत्येक केसला माप घ्यायच्या आधी घरी जायचं, जुना फोटो बघायचा, घरच्यांशी बोलायचं, आणि महिन्याने परत जाऊन कवळी तोंडात आहे की डब्यात ते बघायचं. खालच्या वर्गातली पोरं मला शिव्या घालतायत. एकाने तर तोंडावर विचारलं, आता पेशंटच्या घरचा नळही बघायचा का? मी म्हटलं, गळत असेल तर बघ.

मॅडमनी आणखी एक विचारलं. या घरोघरच्या कामावर वर्षभर त्यांच्या हाताखाली राहशील का? पद छोटं, पायपीट मोठी. मी हो म्हटलं. विचार नंतर करीन.

१२ मे

राहवेना, काकांकडे गेले. दाराला कुलूप. मोठं, बाहेरून. शेजारीणही घरात नव्हती. त्या पायरीवर थोडा वेळ बसले. म्हणजे काकूंना नेलं मुलीने. बरोबर काकाही गेले असतील, नाहीतर पोचवायला. सगळं करून उशीरच झाला. येताना बस चुकली ती वेगळीच.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, तुझं काम तू केलंस. मला ते पटलं नाही. पण उद्यापासून नव्या घरांची यादी करायचीय, ती करणार.

१४ मे

सकाळी ओपीडी उघडली तर पहिल्याच बाकावर काका. आणि त्यांचा दंड धरून काकू! परवा कुलूप होतं, कारण दोघं मिळून मुलीला बसवर सोडायला गेली होती — एकटीला. एवढं सांगून काका फोन का उचलला नाही ते सांगणार, तेवढ्यात काकूंनी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, "अहो, उघडा तोंड," म्हणाल्या, आणि त्या चढलेल्या दातावर बोट ठेवून माझ्याकडे वळल्या: "डॉक्टर, आमच्या ह्यांचा एवढा एक दात सरळ करून द्या बाई. लग्न झाल्यापासून सांगतेय, ऐकतच नाहीत."